निळा उन्हात बघायचा

कोणतंही कापड हातात आलं की सांडूमामा आधी त्याचं टोक जिभेला लावायचे. खळ असेल तर थुंकायचे.

चहात खारी बुडवायचे नाहीत. नुसतं टोक टेकवायचे आणि चहा वर कसा चढतो ते बघत बसायचे. अर्ध्यावर चढला की खायचे.

ओलं कापड बघून रंगाविषयी काही बोलायचे नाहीत. एक कोपरा इस्त्रीखाली दाबून वाळवायचे, मग बघायचे. ओलं कापड जास्त उजेड पितं, म्हणून गडद दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

लग्नाच्या पंगतीत उजवा हात ताटाच्या कडेखाली धरायचे. हात मनगटापर्यंत निळा असायचा.

सकाळी अकराला त्यांच्या उंबऱ्यावर ऊन यायचं. शेगडीवर काहीही असलं तरी रंगवलेलं कापड घेऊन तेवढ्यापुरते उठायचे.

आणि गेल्या दोन वर्षांतली एक सवय. दोन कापडं एकावर एक ठेवून माझ्यापुढे धरायचे. "श्रेया, सेम हाय का?"

मी "सेम" म्हणायचे. ही माझी सवय.

मी औरंगपुऱ्यातल्या एका मॅचिंग सेंटरमध्ये काउंटरवर बसते. मराठीत एम.ए. केलं. प्राध्यापकीची सेट परीक्षा पास होईपर्यंत म्हणून बसले, त्याला तीन वर्षं झाली. दुकान आप्पासाहेबांचं. परकर, अस्तर, फॉल, रुबियाचे ब्लाउजपीस. एखाद्या साडीला मिळता पीस निघाला नाही तर आम्ही पांढरा सुती पीस घ्यायला सांगतो आणि त्या रंगात रंगवून देतो. रंगवणारे सांडूमामा. दुकानामागच्या बोळात त्यांची खोली. एक शेगडी, तीन पातेली, रंगाच्या डब्यांची फळी, एक खिडकी. दुकानाच्या मागच्या दारातून चार पावलं.

पहिल्याच आठवड्यात मी एका बाईंची ओढणी घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला. थेंब गोल होऊन तसाच बसून राहिला.

"ही पित नाय," ते म्हणाले.

"मग रंग कसा चढणार?"

"पानीच पित नाय ती रंग काय पिणार? पॉलिस्टर हाय. दे परत."

मग कमरेच्या फडक्यावर थेंब टाकला. थेंब दिसेनासा झाला.

"अन् हे बघ. तान्हेलंच बसलंय."

"एवढ्या वर्षांत हेच शिकलात का मामा?"

"कोण किती पितं, तेवढंच."

"ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे हो मामा!" दुकानातून आप्पासाहेब ओरडले.

"तुमचं नाव नाय घेतलं मी, आप्पासाहेब. घाबरू नका."

सांडूमामा फर्दापूरचे. त्यांचे वडील लेण्यांत काम करायचे. गुहेच्या तोंडाशी चकचकीत पत्रा धरून ऊन आत टाकायचं, म्हणजे पाहुण्यांना भिंतीवरची चित्रं दिसतील. लहानपणी मामाही कधी कधी पत्रा धरायचे. हात हलला की चित्रातली माणसं हलायची, असं त्यांनी मला सांगितलं होतं. तिथल्या एका निळ्याची त्यांना भुरळ पडली. इतक्या वर्षांत तो कसा राहिला, असं त्यांनी वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, "अंधारात होता म्हणून राहिला. आपुन रोज थोडंथोडं ऊन पाजतोय त्याला, एक दिवस जाईल." त्या रात्री मुलगा जेवला नाही.

चौदाव्या वर्षी ते शहरात आले. औरंगपुऱ्यातल्या एका रंगरेजाकडे पातेली घासायला राहिले. उस्तादांनी त्यांना वर्षभर रंगाला हात लावू दिला नाही. फक्त कापडं पाण्यात भिजवायची. "पहले कपडे को पानी पिला, फिर रंग दे," असं ते म्हणायचे. कोरडं कापड रंगात टाकलं की अधाशासारखं एकाच जागी पितं आणि डाग पडतो. उस्ताद गेले तेव्हा त्यांनी ही खोली मामांच्या हवाली केली. मामांनी लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही.

खिडकीत त्यांनी कापडाच्या पट्ट्या लावल्या होत्या. प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग पुठ्ठ्याखाली, अर्धा उन्हात. महिन्याने पुठ्ठा काढायचा आणि बघायचं, उन्हानं किती खाल्लं. गुलाबी सगळ्यात आधी जायचा. पिवळा मळकट व्हायचा. निळा टिकायचा.

"बाकीच्या रंगात थोडं इकडंतिकडं चालतं," ते म्हणायचे. "निळ्यात चालायचं नाय. निळा उन्हातच बघायचा. दिव्याखाली सगळे निळे सारखे दिसतात."

हे खरं आहे. आमच्या दुकानात पांढरे एलईडी आहेत. त्यांच्याखाली जुळलेले दोन निळे उंबऱ्यावर नेले की एक निळा राहतो आणि दुसऱ्यात जांभळी झाक दिसते. मामांनी मला हे दहा वेळा दाखवलं होतं. मला माहीत नव्हतं असं नाही.

दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या सुमारास, त्यांनी मला खोलीत बोलावलं. पाटावर दोन चिंध्या होत्या.

"यातली काळी कोणती?"

मला हसू आलं. एक काळी होती, एक नेव्ही ब्लू.

"हसू नको. सांग."

मी दाखवली. ते त्या दोन चिंध्यांकडे बघत राहिले.

"मोतीबिंदू हाय," ते म्हणाले. "बापालाबी झाला होता. डोळ्याचं भिंग पिवळं पडतं, अन् निळा पिऊन टाकतं. आतपर्यंत येऊच देत नाय."

"मग ऑपरेशन करून टाका. आता काय, अर्ध्या तासाचं काम."

"काम अर्ध्या तासाचं. पन महिनाभर वाफंपुढं बसायचं नाय म्हंतात. आप्पासाहेब माल दुसरीकडं देतील. एकदा गेलेला माल परत येत नसतो, पोरी."

थोडा वेळ ते चिंध्यांच्या घड्या घालत राहिले. मग म्हणाले, "असं करू. तू माझे डोळे. मी रंगवतो, तू उन्हात धरून बघायचं. जमलं तर सेम म्हणायचं. ज्या दिवशी तू म्हणशील, 'मामा, नाय जमलं', त्याच दिवशी मी दवाखान्यात जातो. माझा शब्द."

"आणि आप्पासाहेब?"

"त्यायला नाय सांगायचं."

मी हो म्हटलं. मला छान वाटलं होतं. कुणीतरी मला आपले डोळे म्हणालं होतं. त्यांचं काम आणि त्यांचे डोळे, दोन्ही आता माझ्या एका शब्दावर होते. हे मला त्या वेळीही समजलं होतं.

पहिले चार महिने मी नीट बघितलं. एकदाही चुकलं नाही. हातालाच सगळं पाठ होतं त्यांच्या.

मग संक्रांतीनंतर एक मोरपिशी पीस बिघडला. फार नाही. त्यात हिरवा जरा कमी पडला होता. मामा सकाळपासून तिसऱ्यांदा तेच पातेलं उकळत होते. त्यांच्या पाठीचा शर्ट भिजला होता. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

"सेम हाय का?"

'मामा, नाय जमलं.' तीन शब्द होते. मी त्यांच्या शर्टाकडे बघितलं आणि म्हणाले, "सेम."

दया आली म्हणून बोलले, असं मी स्वतःला सांगितलं. गिऱ्हाइकाच्या लक्षातही आलं नाही. म्हणून पुढच्या वेळी दया यायचीही गरज पडली नाही.

काही बायका पीस परत घेऊन यायच्या. मी त्यांना सांगायचे, एक धुणं झालं की रंग बसतो. हे खोटं आहे. धुतल्यावर रंग उतरतो, बसत नाही. ज्या ऐकायच्या नाहीत त्यांना तयार पिसांतला जवळचा काढून द्यायचे आणि त्यांचा रंगवलेला पीस काउंटरखालच्या खोक्यात टाकायचे. आप्पासाहेबांना वाटायचं, खोक्यात अस्तराचे तुकडे आहेत. हळूहळू खोकं भरलं. मी दुसरं आणलं.

मामा मात्र खूश होते. "बघ," म्हणायचे, "डोळे गेले तरी हात चुकत नाय."

यंदाच्या एप्रिलमध्ये पारूबाई आल्या. मामांची मोठी बहीण. फर्दापूरला असतात. उंच, काटक, आवाज बोळभर घुमणारा. त्यांनी दारातच चपला काढल्या आणि पिशवी पाटावर आपटली.

"जय भीम, सांडू. जिता हायस का?"

"जय भीम, आक्का. तू असल्यावर मरू कोण देतंय?"

"मरायचं नंतर बघ. आधी काम हाय."

त्यांच्या वस्तीत नवा विहार बांधून झाला होता. बुद्धपौर्णिमेला उद्घाटन. बायकांनी ठरवलं होतं, सगळ्यांनी सारखं नेसायचं. पांढरी साडी, निळा काठ. साड्या आल्या होत्या, पण काठाच्या निळ्याचं ब्लाउजपीस कुठेच मिळेना. चाळीस पीस हवे होते. पारूबाईंनी काठाचा एक तुकडा कापून आणला होता.

मामांनी तो तुकडा हातात घेतला. जिभेला लावला. मग डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

"काय वास घेतो का रंगाचा?" पारूबाई म्हणाल्या.

"पन्नास वर्षं झाली गाव सोडून," मामा म्हणाले. "गावानं माझ्या हातचा एक रुमाल नाय वापरला. सगळे म्हणायचे, सांडू शहरात चिंध्या उकळतो."

"म्हणून तर आले. चाळीस बायका, भर उन्हात, एका रांगेत. बघू दे गावाला, काय उकळतो ते."

"कापड तुमचं. रंग माझ्याकडून. आहेर समज."

"बरं. पन निळाच पाहिजे हां सांडू. आकाशी नको, जांभळा नको."

"मला सांगतीस?"

मामांनी तीन दिवस दुसरं काम घेतलं नाही. चाळीस पीस आदल्या रात्री भिजत घातले. सकाळी मिठाचे खडे टाकून रंग उकळला. चाळीस पीस एका वेळी मावत नव्हते, म्हणून चार वेळा केले. चारही वेळा रंग तोच यायला हवा, म्हणून प्रत्येक वेळी चमच्यावर बोट फिरवून सपाट करून माप घेतलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे पीस वाळले. मामा वरचा एक घेऊन दुकानात आले. बरोबर काठाचा तुकडा.

मी फोनमध्ये होते. सेटचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती आणि ओटीपी येत नव्हता.

"श्रेया, हे तेवढं बघ."

मी दिव्याखाली बघितलं. "सेम."

"उन्हात बघितलं का?"

उन्हं गेली होती. बोळात नुसता उजेड होता, पण गल्लीच्या तोंडाशी अजून ऊन होतं. पन्नास पावलं. फोनवर ओटीपी आला. त्याला तीस सेकंद होते.

"बघितलं मामा."

ते जागचे हलले नाहीत. "हे गावाकडचं हाय, पोरी."

"सेम आहे म्हटलं ना."

ते गेले. मी ओटीपी टाकला. फॉर्म भरला गेला.

बुद्धपौर्णिमेला ते मला बरोबर घेऊन गेले. सकाळी जळगावच्या बसनं निघालो, अकराला फर्दापूरला उतरलो. मामांनी पांढराशुभ्र शर्ट घातला होता. नखं लिंबानं घासली होती. बसमध्ये दोनदा मला म्हणाले, "मी नाय बोलणार काही. गावच बोलंल."

विहारापुढच्या मोकळ्या जागेत बायका रांगेत उभ्या होत्या. झाड नाही, मांडव मागे. मे महिन्यातलं रणरणतं ऊन.

मी बघितलं.

चाळीस पांढऱ्या साड्या. चाळीस निळे काठ. आणि चाळीस ब्लाउज वांग्याच्या सालीच्या रंगाचे. थोडीशी झाक असती तर दूरवरून चाललं असतं. ही झाक नव्हती. काठ एकीकडे ओढत होता, ब्लाउज दुसरीकडे. रस्त्यावरून जाणाऱ्या जीपमधल्या माणसालाही दिसलं असतं.

मामा हसत होते. एकाएका बाईला हात जोडत होते. बायकाही हसून नमस्कार करत होत्या. कुणी काही बोललं नाही.

"श्रेया," ते हळूच म्हणाले, "कसं दिसतंय?"

"सुंदर, मामा."

"सुंदर नाय इचारलं. सेम हाय का?"

चाळीस बायका समोर होत्या. डोक्यावर ऊन होतं. ज्यात बघायचं तेच ऊन.

"सेम," मी म्हणाले.

वंदना झाली. जेवणं झाली. मी पाण्याच्या टाकीजवळ हात धूत होते. पारूबाई येऊन शेजारी उभ्या राहिल्या. आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खाली येतो हे मला माहीत नव्हतं.

"त्याला दिसत नाय ना?"

मी मान हलवली.

"पीस आले तव्हाच समजलं. आम्ही चाळीस जणींनी ठरवलं, कुणी बोलायचं नाय. त्यानं मनापासून केलंय. पन तू रोज त्याच्यापाशी असतीस. तू कामून नाय बोललीस?"

माझ्या हातावरून पाणी वाहत होतं. मी नळ बंद केला.

"तुला वाटलं असंल, यांना काय कळतंय. निळा तो निळा."

मी असं म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी मनात काय होतं ते आठवून बघितलं. जवळजवळ तेच होतं.

पारूबाईंनी ब्लाउजचा विषय न काढता त्याच दिवशी भावाला हट्टानं ठेवून घेतलं. डोळे तपासले, पुढच्या आठवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डावा दोन महिन्यांनी करू, असं डॉक्टर म्हणाले. आप्पासाहेबांना मीच सांगितलं. ते म्हणाले, "अरे, मग आधी नाही का सांगायचं? महिनाभर थांबलो असतो. रंगाला मामांशिवाय आहे कोण आपल्याला?" एवढंच. दोन वर्षं ज्या गोष्टीची भीती होती ती एका वाक्यात संपली.

पंधरा दिवसांनी मामा आले. काळा चष्मा, हातात मोठी पिशवी. मी धावत मागच्या दारात गेले. ते खोलीत उभे होते. चष्मा कपाळावर सरकवून स्वतःचा उजवा हात बघत होते.

"एवढा निळा होता व्हय हात," ते म्हणाले. "पंगतीत उगंच लपवत नव्हतो."

मी हसले. मला वाटलं, सगळं ठीक होईल.

त्यांनी खिडकीतल्या पट्ट्यांवरचे पुठ्ठे एकेक करून काढले. सगळ्या बघितल्या. मग पिशवीतून एक ब्लाउज काढला आणि काठाचा तो तुकडा. उंबऱ्यावर आले. जूनची सुरुवात होती, ऊन ढगाआड होतं. ते वाट बघत उभे राहिले. मीही उभी राहिले. निघून जाता आलं असतं.

ऊन आलं. त्यांनी तुकडा ब्लाउजवर ठेवला. बराच वेळ बघितलं.

"हे तू उन्हात बघितलं होतंस," ते म्हणाले.

मी त्या तुकड्याकडे बघितलं.

"तुला रंग ओळखू येत नाय का, श्रेया? काही लोकांला येत नाय. तसं असंल तर सांग. त्यात काय एवढं."

ते मला वाट काढून देत होते. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता.

"ओळखू येतो, मामा."

त्यांनी मान हलवली. ब्लाउजची घडी घातली.

मी दुकानात गेले आणि काउंटरखालची दोन्ही खोकी आणून त्यांच्यापुढे ठेवली. का आणली ते नक्की सांगता येत नाही. ते रागावतील, मग बरं वाटेल, असं काहीतरी असावं. त्यांनी पहिलं खोकं उघडलं. मोरपिशी, अंजिरी, रामा हिरवा, मेंदी आणि निळे, कितीतरी निळे. प्रत्येक पीस बाहेर काढला, उंबऱ्यावर उन्हात धरला, परत घडी घालून ठेवला. सगळं बघून होईपर्यंत ऊन उंबऱ्यावरून उतरून नालीपर्यंत गेलं.

मग त्यांनी विचारलं, "या बायांनी मंग लग्नाकार्यात काय घातलं गं?"

मला तो प्रश्नच कधी पडला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चाळीस ब्लाउज पुन्हा रंगवायला घेतले. पारूबाई नको म्हणत असताना गोळा करून आणले होते. प्रत्येकाला सेफ्टी पिनेनं नावाची चिठ्ठी होती. आधी हायड्रोची, म्हणजे रंग उतरवणारी, पूड टाकलेल्या गरम पाण्यात जांभळा काढायचा. त्या पाण्याची वाफ उग्र असते, धडधाकट डोळ्यांतूनही पाणी काढते. कापड पांढरट झालं की धुवायचं, दोरीवर टाकायचं, मग एकेक करून नव्यानं रंगवायचं. शिलाईचा दोरा पॉलिस्टरचा होता. तो ना पीत होता ना सोडत होता. कापड निळं झालं तरी शिवणीतला दोरा तसाच वांगी राहायचा. मामा त्याच्यावरून नख फिरवायचे आणि पुढचा घ्यायचे.

महिनाभर वाफेपासून लांब राहायचं होतं. चौथा आठवडाही लागला नव्हता. ते तोंडाला रुमाल बांधून, काळा चष्मा लावून पातेल्यावर वाकलेले असायचे. चष्म्यावर वाफ धरायची. मग चष्मा काढून ठेवायचे. डोळ्यात टाकायच्या थेंबांची बाटली रंगाच्या डब्यांमध्ये फळीवर होती. पहिल्या दिवशी जिथं होती तिथंच ती सहाव्या दिवशीही होती. झाकणावर निळी पूड बसली होती.

मला ते दिसलं. मी दिवसातून चार वेळा त्या दारात जायचे. 'मामा, थेंब टाकले का?' एवढंच विचारायचं होतं. पण ज्या तोंडानं दोन वर्षं सेम म्हटलं त्या तोंडानं डोळ्यांविषयी काय बोलायचं, असं वाटायचं. लाज वाटत होती. त्या लाजेमुळे मी परत गप्प बसले.

ते मला काही विचारत नव्हते. कापड स्वतः उंबऱ्यावर न्यायचे, स्वतः बघायचे. जमलं की चिठ्ठीवर पेन्सिलीनं बरोबरची खूण करायचे. एकदा मी मुद्दाम समोर उभी राहिले. त्यांनी माझ्या खांद्यावरून ऊन कुठं पोचलंय ते बघितलं आणि म्हणाले, "जरा बाजूला हो. सावली पडतीय."

अकराव्या दिवशी त्यांचा डोळा लाल होता. बाराव्या दिवशी त्यांना तो उघडता येईना. आप्पासाहेबांनी रिक्षा बोलावली, पारूबाईंना फोन केला. पारूबाई दुपारी आल्या. दवाखान्यातून सरळ खोलीवर आल्या, भावाचे कपडे घेतले, तयार झालेले अठ्ठावीस ब्लाउज घेतले. माझ्याशी बोलल्या नाहीत. मामा रिक्षात बसले होते. डोळ्यावर पट्टी. मी जवळ गेले.

"मामा."

"श्रेया का?" त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "शेगडी बंद केली का बघ."

मी जाऊन बघितलं. बंद होती. परत आले तोवर रिक्षा गल्लीच्या तोंडाशी गेली होती.

संसर्ग आतपर्यंत गेला, उजव्या डोळ्याला आता फक्त उजेड कळतो, असं आप्पासाहेब सांगत होते. माणूस समोर आलं तर काहीतरी आडवं आलं एवढं समजतं. डाव्यात मोतीबिंदू आहेच. त्याला हात लावायला डॉक्टर सध्या तयार नाहीत. म्हणजे एवढ्या वर्षांनी त्यांना निळा दिसला तो चार आठवडेसुद्धा नाही. त्या दिवसांत त्यांनी माझी दोन खोकी बघितली आणि अठ्ठावीस ब्लाउज केले.

फर्दापूरची बस दर तासाला आहे. मी अजून गेलेले नाही. सेटचा निकाल लागला. पास झाले.

खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी दार उघडते. पातेल्यातलं पाणी आटून तळाशी निळा थर राहिला आहे. चमचा डब्यातच आहे, त्यावरची पूड बोटानं सपाट केलेली. माप किती, ते त्यांनी कुठं लिहून ठेवलेलं नाही.

अकरा ब्लाउज पिशवीत आहेत, अजून वांगी. एकोणतिसावा दोरीवर. त्यातला जांभळा काढून झाला आहे, निळा चढवायचा राहिला. कापड पांढरं, शिवणी वांगी. काठाचा तुकडा शेजारीच चिमट्याला लावला आहे. पिनेला चिठ्ठी आहे, तिच्यावर पेन्सिलीची खूण नाही. नाव पारूबाई.